दुसऱ्या मजल्याखालचे राळे

बायू म्हणतात इथे ओढ्याला. त्याच्या काठी,
गवत कापायचं यंत्र जिथे घसरतं म्हणून पोचत नाही,
तिथे मुनिया आहेत. तपकिरी, मुठीत मावून वर जागा उरेल एवढ्या,
पोटावर खवले, बारीक टाकाने काढल्यासारखे.
ह्यूस्टनच्या त्या नव्हेत. कुणाच्या तरी पिंजऱ्याची कडी
कधीतरी नीट लागली नव्हती,
एवढाच त्यांचा इतिहास.

शेजारच्या ओडेटबाईंकडे दोन होत्या. आता एक.
बाईंचं ऐकणं गेलंय, तरी संध्याकाळी
तारांना कान लावून बसतात.
"गातोय का गं?"
मी बघते: चोच उघडी, पिसं फुललेली, गळा थरथरतोय,
आणि आवाज
चहात साखर विरघळून गेल्यावरही ढवळत राहावं, तेवढा.
"गातोय," मी सांगते.

गातात त्या अशाच. इतकं हळू
की दुसरीला सरकून, मान लांब करून
गाणाऱ्याच्या चोचीशी कान न्यावा लागतो.
गवतात पाहिलंय मी: एक गातोय
आणि तिघी रांगेत, रेशनला उभ्या असाव्यात तशा.
मग सगळ्या एकदम दाण्यांवर.

पिंजऱ्यातल्याला रांग नाही.
नखं मात्र वाढतात. टॉवेलात धरून मी कापते,
तेव्हा माझ्या अंगठ्यावर त्याचं काळीज
शिलाई मशीन चालवतं.

त्याच्यासाठी दुकानात कणीस मिळतं, पिशवीबंद, चार डॉलर.
पहिल्यांदा उघडलं आणि हसूच आलं. अरे, हे तर राळे!
नाव आठवलं. खाल्ल्याचं काही आठवेना.

बाई ट्रे गॅलरीतूनच झटकतात,
भाडेकरारात मनाई असली तरी.
जूनपर्यंत खाली, एसीच्या ठिबकत्या नळीशी
राळे उगवले, भरले, वाकले,
आणि एका सकाळी ओढ्यावरची मंडळी आली, वीसेक,
उलटी लटकून फोलं उडवत.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं.
तो दाराशी आला, परत जाऊन दांडीवर बसला.
"त्याला विचारलं होतंस का?" बाई म्हणाल्या.

खालची एक वर आली, गॅलरीच्या जाळीत नखं रुतवून
तिने मान लांब केली.

दारावर नोटीस आहे:
भिंतीलगतचं तण बुधवारी काढण्यात येईल.
आज सोमवार.
बाई विचारायच्या आत
मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवते.