ड्राय डे

शुक्रवारी ड्राय डे, असं रिक्षाच्या भोंग्यातून सांगितलं
आणि मिंगेलच्या तावेर्नातून चार माणसं
हातातल्या ग्लासांसकट रस्त्यावर आली.
"कसलं इलेक्शन गो?"
इलेक्शन नाही, म्हटलं. डासांचा ड्राय डे.
दारू नाही, साठलेलं पाणी बंद.
फेणी घ्या हवी तेवढी,
पण त्या पिंपावर आधी झाकण घाला.

हसले. हसू दे.
हळदोण्यात माझ्या वाट्याला एकशे बेचाळीस घरं,
एक टॉर्च, लांब दांड्याची पांढरी पळी
आणि दारावर तारीख लिहायला खडू.

डास नेहमी शेजाऱ्याचा असतो.
"आमच्याकडे काय मिळणार, बाई? कायतानकडे बघा."
कायतान म्हणतो, शिरोडकरांकडे बघा.
शिरोडकरांच्या मागच्या दारी
पोफळीची विरी पडलेली, होडीसारखी,
तळाशी दोन बोटं पाणी,
आणि त्यात उलटे लटकलेले, शेपूट वळवणारे
बारीक बारीक स्वल्पविराम.
म्हणजे वाक्य अजून संपलेलं नाही.

विरी मीच उपडी केली.
फ्रिजमागचा ट्रे ओढला तेव्हा
शशिकला वहिनी अशा लाजल्या
जशी मी त्यांची लग्नातली पेटीच उघडली.

सिमितेरीत सांतान पहारेकरी म्हणाला,
मेलेल्यांना डास चावत नाहीत.
भेटायला येणाऱ्यांना चावतात ना, मी म्हटलं.
तो गप्प झाला. मग घमेलं घेऊन नदीकडे गेला.
एकेका थडग्यावरची फुलदाणी ओतली,
आत ओली रेती भरली, तीच फुलं पुन्हा खोचली.
दुल्सिनाच्या थडग्यापाशी थांबून
तिची माफीही मागितली, कोकणीत.

टेकडीवरचा बंगला बंद.
गजांतून तरणतलाव दिसतो,
निळा होता म्हणतात.
मालकाला फोन लावला, दिल्लीला.
"डिसेंबरात येतोय, तेव्हा बघू."
ऑगस्ट चालू आहे. त्यांना आठ दिवस पुरतात.

पोर्चमध्ये राखणदार मंगरा, झारखंडचा,
दोन चादरी घेऊन कुडकुडत होता.
बोट टोचलं, थेंब काचेवर घेतला.
सरकारी मच्छरदाणी दिलेली, तशीच घडीत.
"भिंतीला खिळा मारायचा नाही, साहेबांनी सांगितलंय."
मग दोन दोऱ्या खांबांना बांधल्या,
एक जाईच्या मांडवाला,
चौथी त्याच्याच सायकलच्या हँडलला.
दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मलेरिया.
गोळ्या मी समोर उभी राहून देते,
गिळून जीभ दाखवेपर्यंत हलत नाही.

शुक्रवारी सकाळी फाटकाबाहेर शाळेतली पोरं,
एल्रॉय, तन्वेश, शिरोडकरांची धाकटी,
लोणच्याच्या बरणीत गप्पी मासे घेऊन,
चर्चच्या विहिरीतले.
मंगरानं फाटक उघडलं.
त्याला तशी परवानगी नव्हती.
मीही विचारलं नाही.
मासे हिरव्यात गेले आणि दिसेनासे झाले.

संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज,
पायाला कडुलिंबाचं तेल लावून
मी परत निघाले.
तावेर्नाच्या दारावर मिंगेलनं
माझ्याच खडूनं लिहिलं होतं:
आज ड्राय डे.
बार चालू.
खाली, लहान अक्षरात: पिंपावर झाकण घातलंय.

मी टॉर्च लावून बघितलंच.