जुन्या जस्ताला डाख

जिनिंगच्या छपरावर ऊन साडेनऊला पोचतं.
तोवर हात लावायचा नाही.
पारोळ्याची जानेवारी, शिडीचं लोखंड बोटांना चावतं,
आणि गारठ्यात जस्त वाकत नाही, तुटतं.
हे मला कळलं ते एका तुकड्याचे
हातातल्या हातात दोन झाल्यावर.
धुडकू मिस्तरी तेव्हा एवढंच म्हणाले,
"त्याले बी हुडहुडी भरस ना भो. उन्हात बसू दे."

म्हणून बसलोय. खाली वॉचमन हिलाल
पऱ्हाट्यांचा जाळ करून हात शेकतोय.

मार्केट कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले होते,
डांबर फासून टाका, पत्रा तो पत्रा.
मी टिचकी मारून दाखवली.
गोदामावरचा तो मुलामा दिलेला, आत लोखंड, ठणकतो.
हे आरपार जस्त. हे गोधडीतून बोलल्यासारखं बोलतं.
त्यांना काही फरक ऐकू आला नाही.
पैसे मात्र मंजूर केले.

पन्हळीत बावीस वर्षांचा कापूस:
काळा, ओला, सरकीला मोड येऊन वाळलेले,
पारव्याचं एक रिकामं अंडं.
सगळं उपसलं तेव्हा जस्त दिसलं,
कळण्याच्या भाकरीच्या रंगाचं,
वर केळीच्या पानामागे असते तशी पांढुरकी भुकटी.
देखणं दिसतं. डाखाला ते चालत नाही.
आधी कानस, मग काचकागद,
मग चाकूचं पातं आडवं धरून खरवडायचं
दोन बोटं रुंद, वरून, आणि आतूनही.
आतल्या अंगाला कुणी बघत नाही,
गळती तिथूनच लागते.

तेजाबात जस्ताच्या कातरणी टाकल्या की तो उसळतो, फसफसतो,
मग निवतो. "त्यानं पोट भरनं," मिस्तरी म्हणायचे.
नव्या पत्र्याला असा जेवलेला तेजाब पुरतो.
जुन्याला जरा भुकेलाच लागतो.
बाटली वाऱ्याच्या पुढे धरायची नाही.
आणि काम झाल्यावर धुवायचं, पुन्हा धुवायचं,
राहिलेला थेंब मागाहून खातो.

कैया तापवला. तांब्याची चोच गालाजवळ आणून बघितली,
नवसागरावर घासली, धूर नाकात गेला,
आणि चौथ्या सांध्यापाशी
मला ते ठिगळ दिसलं.

आठ आण्याएवढं. कडा आत मुडपलेल्या.

माझं भोक.

मी तेव्हा चौदाचा. कैया लालबुंद झालेला,
घाई कसली होती आठवत नाही.
लोखंड आधी लाल होतं, सांगून सवरून वितळतं.
जस्त सांगत नाही. होतं तसं दिसत राहतं
आणि एकदम खाली बसतं.
त्या भोकातून मला शेटजींची टोपी दिसली,
मग टोपी मागे झाली, चेहरा दिसला.
वर बघून ओरडणाऱ्या त्या चेहऱ्याला
मिस्तरी म्हणाले, "मना हात सटकना."

पन्नास रुपये कापले गेले.
घरी जाताना त्यांनी शेव-मुरमुरे घेतले,
पुडी मला धरायला दिली, सायकलीवर टांग टाकली.
मी मागे बसून पुडी धरून होतो,
खाऊ की नको,
बोरी ओलांडेपर्यंत ठरलंच नाही.

आज अकरा सांधे उसवले, अकरा पुन्हा भरले.
डाख हळू चालतो, साय येते तशी एक कड धरतो,
मग दुसरी; मध्ये कैया उचलायचा नाही.
दुपारी दोन वेळा विस्तव विझला.
एकदा हात माझाच पोळला, त्याचं विशेष नाही.
ठिगळाभोवती खरवडून पाहिलं, नखानं, मग पात्यानं.
धरलंय. भोवतीचं सगळं फाटत गेलं
आणि ते धरून राहिलंय.
ते तसंच ठेवलं.

चार वाजता सोड्याच्या पाण्यानं सगळं धुतलं.
मग उंच टोकाकडून एक बादली ओतली.
पाणी नव्या चकाकत्या पट्ट्यांवरून गेलं,
जुन्या राखाडीवरून गेलं, दिसेनासं झालं.

"पानी उनं!" हिलाल खालून ओरडला.
कुठून?
"नळीमधून!"
बाकी कुठून?
तो भिंतीकडेनं चालत गेला, मान वर करून,
बराच वेळ गेला.
"बाकी कोठूनच नही."

मी आणखी एक बादली ओतली.