हुंकार

निफाडला पारा पाचावर, असं पेपरात आलं
तेव्हा माझा गुडघा म्हणाला, पाच नाही, चार.
आमचा ब्लॉक उत्तरेला तोंड करून.
जेलरोडच्या या बाजूला मार्गशीर्षातलं ऊन
समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर येतं,
दहा मिनिटं बसतं आणि जातं,
पोस्टमननं चुकीच्या दारी थांबून निघून जावं तसं.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं तिकिटं तपासली मी.
भिंगाखाली हत्ती, लेणी, होड्या, नाचणाऱ्या बाया.
कडेचे दाते नीट आहेत ना, रंग सरकला नाही ना.
देश असा बोटाएवढा पाहिला.
ही बाई कुणासाठी नाचते, होडी कुठे निघाली,
विचारायची सोय नव्हती.
ताव पुढे ढकलायचा, पुढचा घ्यायचा.

आता ऑपरेशननंतर पलंग, कानटोपी,
गरम पाण्याची पिशवी,
आणि इंदुमतीशी बोलणं म्हणजे
गोळी घेतली का. घेतली.
खिडकी लावा. लावलीय.

रात्रपाळीचा वॉचमन देवराम भोये, सुरगाण्याकडचा,
एकदा घमेल्यात निखारे घेऊन वर आला.
साहेब, पाय शेका.
निखाऱ्यांची राख झाली तरी बसून राहिला.
मग म्हणाला, काशाचं ताट हाय का घरात?

माळ्यावरून निघालं. लग्नातलं.
रुखवताच्या यादीत पहिलं नाव त्याचं,
पण कधी कुणी जेवलं नाही त्यात.
देवरामनं मधोमध मेण थापलं, एक काडी रोवली
आणि दोन बोटांनी वरून खाली ओढली,
गाईची धार काढावी तशी, हळू.

ताट बोललं.
लांब कुठे पोळं असावं आणि वारा तिकडून यावा,
तसं काहीतरी भिंतीतून, पलंगातून,
गुडघ्यात बसवलेल्या नव्या धातूतूनसुद्धा.

साहेब, हुंकार द्या, तो म्हणाला.
हुंकार नाय तर गोष्ट वाटंतच बसते.
हं, मी म्हणालो.

पाण्यानं सगळं गिळलं होतं. एक बाई उरली.
केसांत लपवलेला नागलीचा एकच दाणा.
हं.
ती चूल मागत सात दारं फिरणार होती.
पहिल्या दारी साप निजलेला. दुसऱ्या दारी
थंडीच बसलेली, नवी नवरी, हिरवा चुडा भरून,
तिला कुणी विस्तवाजवळ बसू देत नव्हतं.
हं.
अकरा रात्री मी त्या बाईमागून चाललो,
काठी न घेता.

सहाव्या दाराशी देवराम गावी गेला.
डोंगऱ्यादेव बसला होता, पावरी वाजणार होती,
पंधरा दिवस तरी नाय, म्हणाला.
बदलीचा पोरगा खाली मोबाईलच्या उजेडात बसे.
बाई तिकडे पाण्यात उभी.
इकडे गोळी घेतली का. घेतली.

तिसऱ्या रात्री ताट मांडीवर घेतलं.
आधी नुसती खरखर,
चोक दिलेली जुनी स्कूटर चालू होत नाही तशी.
काय खरवडताय, आतून इंदुमती.
बोटं कोरडी केली. पुन्हा ओढली. पुन्हा.
मग कधीतरी ते आलं, बारीक, थोडं तिरकं.

बाईनं सातवं दार ठोठावलं, मी म्हणालो.
इथून पुढचं मला माहीत नव्हतं.
ही गोष्ट कुठल्या भिंगाखाली धरायची?
आत एक म्हातारा होता, म्हणालो.
त्याच्या घरात ऊन येत नव्हतं.
त्याच्याकडे चूल होती, पण ती त्याची नव्हती.
आणि अडलो.

काडी ओढत राहिलो.
ताट नुसतंच गुणगुणत होतं,
वाटेत बसलेल्या गोष्टीभोवती.

ओट्यावरचा भांड्यांचा आवाज थांबला.

हं, इंदुमती म्हणाली.

बाईनं केस सोडले.