अंधाराचे वीस रुपये

दिवसा मी जळालेल्या मोटारी बांधतो,
पाच एचपी, साडेसात,
तांब्याचा वास बोटांतून जात नाही.
आणि मंगळवारी संध्याकाळी
सिर्सीच्या बाजारात, मिरचीवाल्यांच्या मागे
शनी दाखवतो.
दहा रुपये. पोट्ट्यांना पाच.

नळी बोअरच्या केसिंगची.
फिरते ती एका मेलेल्या मोटारीच्या बेअरिंगवर.
आरसा मीच घासला,
ऑइलच्या रिकाम्या ड्रमभोवती चार महिने
फेऱ्या घालत, काचेवर काच.
वच्छला म्हणायची, घाण्याचा बैल बरा,
त्याच्या फिरण्यातून तेल तरी निघते.

पहिल्या मंगळवारी एकशे चाळीस आले.
तिनं दोनदा मोजले,
मिठाचा पुडा आणला, तेलाची पिशवी आणली,
उरलेले मला दिले नाहीत.

एक जण डोळा लावून म्हणाला,
"इतकुसाच? माह्या ज्वारीचा दाना याच्याहून मोठा."
एका म्हातारीनं आधी चप्पल काढली,
मग डोळा लावला.
तिला मी काही बोललो नाही.

यंदा तर कडंच धारेवर आलं.
पंधरा वर्षांत एकदा येतं तसं.
पत्रा आडवा धरला की नुसती रेघ उरते, तेवढंच.
पण पाटीवर पेंटरनं कडं काढलेलं, पिवळंधमक,
मग भांडण:
"पाटीवर हाय, अंदर नाही. पैसे वापस दे."
मी खिशातून तारेचं वेटोळं काढतो,
त्याच्या नाकासमोर हळूहळू आडवं करतो.
"समजलं ना बाप्पा," तो म्हणतो,
"पन पाच तं दे."
देतो.

उमरेडहून जीपमधून एक जण आला.
शनि-अमावस्येला मारोतीच्या देवळापाशी बस म्हणाला,
लोक बघतील, तेल वाहतील, साडेसाती उतरली म्हणून सांग.
रात्रीचे पाचशे.
मी म्हणालो, तेलानं आरसा खराब होतो.
एवढंच सुचलं.
झोपताना ते पाचशे मी बऱ्याचदा मोजले.
त्यात एक बरी काच आली असती,
गुरूचे पट्टे दिसतील अशी.

मग बाजारात हायमास्ट लागला.
सहा दिवे, उंच, पांढरे,
मिरची दिवसासारखी लाल दिसायला लागली.
गाव खूश. मीही पेढा खाल्ला.
आणि त्या मंगळवारी नळीत
दुधात पाणी घातल्यासारखं आभाळ.
कमाई पस्तीस.

लोडशेडिंगच्या काळात अंधार फुकट होता,
शिव्या देऊनही संपत नव्हता.
आता त्याची किल्ली उईकेकडे असते,
ग्रामपंचायतीचा दिवाबत्तीवाला.
ठरलं: आठ ते साडेआठ, वीस रुपये.
"मेंटेनन्स," तो म्हणाला, "कोनी विचारलं तं."

आठ वाजता खटका पडला.
आधी आरडाओरड.
कांदेवाली ओरडली, तराजूला हात लावू नका.
एका पोट्ट्यानं शिट्टी मारली.
मग कोण जाणे कसं,
मिरचीच्या पोत्यांपासून पार बैलबाजारापर्यंत
आवाज खाली बसत गेला,
माना वर.

"हे सारं रोजच असते का?" कुणीतरी विचारलं.
कुणाला, ते कळलं नाही.
माझ्या नळीपाशी एकही गिऱ्हाईक नव्हतं.
वर बघायचे पैसे कसे मागणार,
तिथं माझं काय होतं.

शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा
उईके आला, किल्ल्या वाजवत.
टोपी मागे सारून डोळा लावला.
श्वास धरला त्यानं, मला ऐकू आलं.
बराच वेळ हलला नाही.
साडेआठ झाले, आठ पस्तीस झाले,
कांदेवाली पुन्हा ओरडायला लागली.

घरी येऊन वहीत लिहिलं:
जमा, काही नाही.
अंधार, वीस.
त्यातून उईकेचे बघायचे दहा वजा.
तो नाही म्हणाला नाही.
वच्छलानं वही उलटी करून पाहिली,
आणि पाच मिनिटं जास्तीची मिळाली
ती कुठं मांडली, असं विचारलं.