चांदणी नसलेला रकाना

शाहूपुरी तिसऱ्या गल्लीत माझं फॉर्म भरायचं दुकान.
एका फॉर्मला ऐंशी रुपये,
फोटो लहान करून द्यायचे वेगळे दहा.
पंधरा वर्षांत एकच नियम शिकलो:
लाल चांदणी असेल तिथं थांबायचं,
नसेल तिथं नाही.
सर्व्हर कधी झोपेल सांगता येत नाही,
आणि बाकड्यावर अजून सहा जण असतात
फायली मांडीवर घेऊन.

कस्तुरी मगदूम मात्र थांबली.
सातव्या पानावर, अगदी तळाशी:
‘आणखी काही सांगावंसं वाटतं का? ऐच्छिक. तीनशे अक्षरं.’

मी म्हटलं, सोड.
ती म्हणाली, विचारलंय न्हवं त्यांनी?
बरं, म्हटलं, माझ्याकडं तयार वाक्यं आहेत,
लहानपणापासून समाजसेवेची आवड वगैरे, पुण्याला चालतं.
नाहीतर पूर लिही.
कोल्हापूरची पोरगी म्हटल्यावर
पुराला कोण नाही म्हणतंय?

‘आमच्यात पाणी आलंच न्हाई, दादा.
कुशिऱ्यात कुठलं पाणी, डोंगराच्या पायाला.
आमच्यात म्हशी आल्या.’

कीबोर्ड तिनं स्वतःकडं ओढला
आणि एका बोटानं लिहीत गेली:

चिखलीच्या अठरा म्हशी नऊ दिवस आमच्या घरी होत्या.
सोप्यात पाच, बाकी परड्यात ताडपत्रीखाली.
मी आठवीत होते.
कुठली कुणाची ते वहीत लिहून ठेवलं,
शिंगं, कान, डाग बघून.
सतरा परत गेल्या. एकीला न्यायला कुणी आलं नाही.
वही अजून आहे. म्हैस पण आहे.
तिला आम्ही पाहुणी म्हणतो.

चौदा अक्षरं जास्त झाली. रकाना लाल झाला.
मी म्हटलं, ते पाहुणीचं काढ, हसतील.
‘हसू देत.’
बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसली,
मग ‘मी आठवीत होते’ एवढं पुसलं.
‘माझं काय, ते मार्कलिस्टात हायच.’

पावती निघाली. तिनं पैसे मोजून दिले,
पन्नासची एक, दहाच्या तीन.
पुढं काय झालं मला माहीत नाही.
फॉर्म भरून गेलेली पोरं
निकाल सांगायला परत येत नाहीत,
आणि त्या रकान्यातलं तिकडं कुणी वाचतं का,
हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं.

बाकड्यावरचा पुढचा सरकून आला.
त्याचं नाव, जात, टक्केवारी भरत होतो
आणि डोक्यात माझाच एक कागद,
पॉलिटेक्निकचा, शाईच्या पेनानं भरलेला.
‘छंद’ असा रकाना होता त्यात.
मी रेघ मारली होती,
आडवी, पट्टी लावून, सरळ.

तेव्हा आमच्या पत्र्यावर एकतीस कबुतरं होती.
संध्याकाळी शीळ घातली की सगळी उतरायची,
एक सोडून.
ते उशिरा यायचं, कधी कधी फार उशिरा,
आणि मी खुराड्याचं दार धरून उभा असायचो,
आई खालून जेवायला हाका मारत असायची.