हात न लावता

संघात माझं काम एवढंच:
फटिंगच्या मागून चालायचं,
दोन्ही हात पसरून, वीतभर अंतर राखून,
आणि हात लावायचा नाही.
लावला की पंच शिट्टी फुंकतात,
तीस सेकंद मैदानाबाहेर.
पडला तर पडू द्यायचा.

उंची माझ्या मांडीएवढी, वजन चार किलो,
त्यातलं किलोभर नुसती बॅटरी.
ॲक्विननं त्याची चाल लिहिली, दामिनीनं नजर.
मुश्ताकनं कंबर दोनदा छापली,
पहिली फर्मागुडीच्या दमट हवेत
रात्रीत वाकून बसली,
म्हातारी झाल्यासारखी.
पोटातल्या वायरी बघून शिपाई म्हणाला,
चवथ होऊन महिना झाला,
तुमची माटोळी अजून लटकतेच आहे.

मग एका रविवारी ॲक्विनचा मामा आला, कायतान,
कधीकाळी कुंकळ्ळीकडून लेफ्ट बॅक,
पुढे आखाती जहाजावर वेल्डर,
आता दोन्ही गुडघ्यांना पट्टे.
फटिंगची चाल त्यानं शेवटपर्यंत पाहिली.
ताठ गुडघ्यांनी, म्हणाला, फक्त नवरदेव चालतो.
टेबलाची कड धरून
स्वतः वाकून दाखवलं. कुठेतरी कट्ट झालं.
आम्ही सगळ्यांनी मोटरकडे पाहिलं.
मोटर बंदच होती.

जाताना दारातून म्हणाला,
पयलीं ताका पडपाक शिकय.

तेव्हा आम्ही पडणं लिहायला घेतलं:
एकतीस अंशांपुढे कललास की सावरू नकोस.
हात सैल सोड. मान आत घे.
खांद्यावर ये, तोंडावर नको.
होस्टेलच्या गादीवर चाळीसदा पाडला,
दर वेळी माझेच हात पुढे जायचे,
मग दामिनीनं ते ओढणीनं बांधून ठेवले.
एकेचाळिसाव्याला तो कुशीवर वळला,
कोपर टेकलं,
आणि विचार करत तसाच राहिला.

ताळगांवच्या स्टेडियममध्ये
हिरवी चटई आमच्या चटईहून दोन मिलिमीटर जाड निघाली.
दोन मिलिमीटर म्हणजे किती ते
तळपायाला विचारा.
त्यात दामिनीची नजर पांढऱ्या गोल गोष्टींवर जडलेली:
फटिंग चेंडू सोडून
लाइन्समनच्या बुटाकडे निघाला,
शांतपणे, पूर्ण खात्रीनं,
आणि त्याच्या पायाला हळूच एक लाथ दिली.
अख्खं स्टेडियम हसलं. लाइन्समनही.
कोइम्बतूरच्या पोरांनी तेवढ्यात तिसरा गोल केला.

चौथ्या गोलानंतर तो पडला.
खांद्यावर, शिकवला तसा.
मी मागे ओणवी, हात पसरलेले, बोटं ताठ.
पंच मोजत होते.
डाव्या गुडघ्यातली चौदा नंबरची मोटर
मोहोळ उठावं तशी घोंघावत होती,
तापल्या प्लॅस्टिकचा वास आला.
वर कुणीतरी ओरडलं, उठ मरे!
कोपर. मग दुसरं कोपर.
ढुंगण वर, डोकं अजून खाली,
अशा अवस्थेत किती वेळ राहता येतं
हे मला आता माहीत आहे.
सात म्हणायच्या आत तो उभा होता.
चेंडूकडे पाठ करून,
पण उभा.

शून्य-चार. टाळ्या मात्र आम्हालाच जास्त पडल्या,
आणि मुश्ताकला त्याचा फार राग आला.
मासळीच्या निळ्या क्रेटमध्ये
टॉवेल अंथरून फटिंगला निजवला.
गुडघा अजून गरम होता.

बाहेर टेम्पो उभा. कायतानमामा पायऱ्या उतरत होता,
एक पाय, थांबा, दुसरा पाय.
मी त्याच्या मागे कधी आले, कळलं नाही,
हात पसरून, वीतभर अंतर राखून.
त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.
हात सकयल घे गो, म्हणाला.

मी घेतले.
वीतभरच.