मोजणी

भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं
मी लोकांच्या बांधांवरून चाललो.
कुणाचं किती, एवढंच सांगायची नोकरी.
कुणाचं कोण, हे फितीला विचारत नाहीत.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या जानेवारीत
शरणपूरच्या मागच्या नाल्यात, पुलाखाली
एक माणूस सापडला.
थंडीनं गेला, म्हणाले.
अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर,
खिशात द्राक्षबागेतली छाटणीची कात्री,
तिला तेल दिलेलं, ताजं.
नाव कुठेच नाही.

अलीकडचं ठाणं म्हणालं, पलीकडे.
पलीकडचं म्हणालं, अलीकडे.
हवालदार बोरसे सकाळीच दारात:
"पगारे साहेब, ती जुनी फीत आहे ना अजून?"

रविवारच्या शाळेत एस्तेरबाई शिकवायच्या,
मोशेच्या नियमात एक उघडं रान आहे.
रानात मारलेला माणूस, मारणारा ठाऊक नाही.
तेव्हा वडीलजन येतात, आणि प्रेतापासून
आसपासच्या गावांपर्यंतचं अंतर मोजतात.
सगळ्यांत जवळचं गाव जे, त्यानं त्याचं उत्तर द्यायचं.
आम्ही पोरं हसायचो,
देवाला मोजणी खातं कशाला?

फितीचं एक टोक बोरशांनी धरलं, त्याच्या पायाशी.
दुसरं घेऊन मी निघालो
घाणेरीतून, बाटल्यांच्या काचांवरून,
आणि कुठे थांबायचं ते मला चालताना कळत गेलं.
आमच्या दफनभूमीचं फाटक. चारशे बारा फूट.
ठाणी त्याहून लांब होती, दोन्ही.

आमच्या वस्तीचं नावच शरणपूर.
नियमात तशी सहा नगरं:
लाकूड तोडताना कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं,
शेजारी मेला, तर पळत तिथं यायचं,
वेशीवर हकिकत सांगायची. आत घेतात.
खून पाडणाऱ्याला नाही घेत; ते ते नीट विचारून पाहतात.
आणि तिथवरचा रस्ता चांगला ठेवायचा,
पळणाऱ्याला ठेच लागू नये म्हणून.

आमचा रस्ता चांगला आहे. मधे दुभाजक, त्यात कण्हेर.
याला पळताना मी पाहिलं नाही.
बसलेला पाहिला.
दोन संध्याकाळी, बसथांब्यावर,
हातातली कात्री उघडत, मिटत.
मी ब्रेड घेऊन येत होतो. वाटलं,
असेल कुणाचा तरी.

दफनभूमी समितीत मनश्शे लोंढे म्हणाला,
"जागा आधीच कमी. आणि तो आपला कशावरून?"
मी पिशवीतून फीत काढून टेबलावर ठेवली.
"यावरून."
बराच वेळ कुणी चहाला हात लावला नाही.

नियमात पुढे एक कालवड आहे,
जू कधी मानेवर न घेतलेली, आणि वाहता ओढा.
तिच्यावर हात धुऊन वडीलजनांनी म्हणायचं,
हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही,
आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही.
आमच्याकडे महापालिकेचा नळ, सहा ते सात.
माती लोटून झाल्यावर मी त्याखाली हात धरले.
पहिला अर्धा भाग म्हणता आला.
मग नुसतं पाणी वाहत राहिलं.
मागून मनश्शेनं येऊन तोटी बंद केली.

नोंदवहीत तारीख मी लिहिली. वय, अंदाजे पन्नास.
नावाच्या रकान्यात पेन थांबलं.
रिकामा रकाना मी नोकरीत कधी सोडला नव्हता.
लिहिलं: ४१२ फूट.

मनश्शेनं वाचलं,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
खोडलं नाही.